भाऊजींचा स्क्रीनवरचा पतंग

माझ्या धाकट्या दिरांइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या बडोद्यात सापडणार नाही, आणि एका निरुपद्रवी माणसाची इतकी धास्ती घेतलेली माझ्यासारखी बाईही सापडणार नाही. भाऊजी दुकानांसाठी, दवाखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितात. काम चोख. फक्त प्रत्येक प्रोग्राममध्ये कुठेतरी एक गंमत दडवल्याशिवाय तो पुरा झाला असं त्यांना वाटत नाही. सेव-उसळवाल्याकडे लागोपाठ गिऱ्हाइकांनी तिखट कमी मागितलं की बिलाच्या कोपऱ्यात एक मिरची रडू लागते. मराठी वाचनालयात काल नेलेलं जाडजूड पुस्तक आज परत आलं की कॉम्प्युटर विचारतो, ‘वाचलंत की चाळलंत?’ हा प्रश्न एका निवृत्त प्राध्यापकांच्या वाट्याला आला आणि त्यांनी सभासदत्वच सोडलं. चिवड्याचा डबा घेऊन त्यांची समजूत काढायला मी गेले, कारण भाऊजींचं नाव समितीला सुचवलं होतं मीच.

कुठे काय दडवलंय त्याची यादी तरी द्या, असं मी त्यांना कितीदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. “वहिनी, यादी केली की ती सूचना होते, गंमत राहत नाही.” ज्या गमती वर्षानुवर्षं कुणालाच दिसलेल्या नाहीत, त्यांचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान. मला मात्र अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी चिवड्याचा डबा शोधते.

त्या न दिसलेल्यांपैकी एक वाघोडियाच्या पत्रेवाल्याकडे होती. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी कॉम्प्युटर लावला की स्क्रीनभर पतंग, आणि नेमकं बटण सापडेपर्यंत तो हलायचा नाही. त्या दिवशी सगळं बडोदं गच्चीवर असतं, दुकान उघडणार कोण, हा भाऊजींचा हिशेब. हिशेब बरोबरच होता. आम्हीही सुभानपुऱ्याच्या आमच्या गच्चीवरच होतो. भाऊजींचा पतंग छान वर गेला होता, आणि एकाएकी त्यांनी दोर माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. त्यांना एक गोष्ट आठवली होती. सयाजीगंजमधल्या एका दवाखान्याला त्यांनी दिवाळीनंतर प्रोग्राम बसवून दिला होता, आणि त्याचा सांगाडा पत्रेवाल्याच्याच प्रोग्रामचा होता. पतंग काढायचा राहिला होता. त्या दिवशी हमखास उघडी असणारी आणि मांजाने कापलेल्या माणसांनी भरणारी जागा म्हणजे दवाखाना.

तिथला फोन कुणी उचलेना. मी गळ्याला ओढणी गुंडाळली, त्यांना मफलर दिला आणि स्कूटर काढली. वाटेत जागोजागी मांजा लोंबत होता. मागे बसलेले भाऊजी सबंध रस्ता दवाखान्याचा नंबर फिरवत होते.

काउंटरवरच्या मुलीने त्यांना ओळखलं. “काका, सवारथी पतंग ज देखाय छे,” ती म्हणाली, म्हणजे सकाळपासून नुसता पतंगच दिसतोय. तेव्हापासून ती नावं कागदावर लिहून घेत होती. आत एका माणसाच्या गळ्यावर बोळा दाबून डॉक्टर थांबले होते. मागे एकदा कुठल्याशा इंजेक्शनाने त्याचं अंग सुजलं होतं, एवढंच त्याच्या बायकोला आठवत होतं. इंजेक्शनाचं नाव जुन्या नोंदीत होतं आणि नोंद पतंगामागे.

भाऊजींनी बटण दाबलं. पतंग कटला, पण लगेच गेला नाही. डुलत, गिरक्या घेत, अगदी सावकाश खाली येऊ लागला. कधीकाळी त्यांनी ती गिरकी किती हौसेने लिहिली असेल. आणि मग पतंग कापल्यावर गच्चीवरची पोरं ओरडतात तसा कॉम्प्युटर ओरडला, “काप्यो छे!”

त्या माणसाच्या बायकोने वळून भाऊजींकडे पाहिलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

नोंद सापडली, टाके पडले, तो माणूस संध्याकाळी चालत घरी गेला. तोवर भाऊजी बाकावर बसून होते. पतंग त्यांनी तिथल्या तिथे पुसला होता. पुढे महिनाभर ते एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन बाकीचं सगळं पुसत राहिले.

यंदा त्यांनी आमच्या सोसायटीसाठी नवा प्रोग्राम लिहून दिला. यात काय दडवलंय, असं मी विचारलं.

“काही नाही, वहिनी.”

मी माझ्या सवयीप्रमाणे सगळं तपासलं. चुकीची बेरीज घातली, नको ती बटणं दाबली, एकच फ्लॅट दोनदा नोंदवला. सगळं चोख. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्यांच्या वाढदिवसाची तारीख घालून पाहिली. प्रोग्रामने मुकाट्याने पुढचा रकाना दाखवला.