पाण्याचा रकाना

माघातल्या सकाळी कृष्णेवरून उठलेलं धुकं आमच्या गल्लीत शिरतं, तेव्हा ओल्या मातीचा वास आणि कुणाच्या तरी पेटलेल्या बंबाचा धूर एकमेकांत मिसळून जातात आणि समोरची घरं हळूहळू पुसट होतात. आधी दारांवरच्या पाट्या जातात, मग दारं, मग भिंतींचे रंग. उरतात त्या नुसत्या आकृती, कुणाचं घर कोणतं हे ठाऊक नसलेल्याला सारख्याच वाटाव्यात अशा! अशा सकाळी सांगलीतल्या माझ्या घराच्या गच्चीवर उभं राहायला मला आवडतं. आपलीच गल्ली परक्याच्या डोळ्यांनी तुम्ही कधी पाहिली आहे का?

घरं अशी निनावी पाहण्याची सवय मला नोकरीनं लावली. साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत मी अनुरेखक होते. दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेघ जशीच्या तशी शाईनं वर उमटवायची, एवढंच माझं काम. किती गावठाणं माझ्या हाताखालून गेली असतील! गावाचा दाट पुंजका, मग ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे सुटी काढलेली चार-दहा घरं. ती घरं पलीकडेच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. रेघ सुबक आली की मी समाधानी. रेघ माझी थोडीच होती?

निवृत्तीनंतर मी सांगलीला परतले, आईवडिलांच्या मागे राहिलेल्या या दुमजली घरात. खाली मी एकटी, वर दोन खोल्या रिकाम्या. गेल्या वर्षी माझी भाची मधुरा माझ्याकडे एक काम घेऊन आली. ती इथल्याच महाविद्यालयात शिकवते. तिच्याबरोबरच्या एका शिक्षिकेला आडनाव ऐकून सात घरांनी नाही म्हटलं होतं. त्या संतापातून मधुरानं आणि तिच्या मैत्रिणींनी मोबाइलवर पाहता येईल असा शहराचा एक नकाशा मांडला. भाड्याच्या प्रत्येक घराला एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की शाळा किती लांब, नळाला पाणी किती वाजता, कुपवाडच्या कारखान्यांकडे जायला किती वेळ, सगळं उघडायचं. पुराचं पाणी तिथपर्यंत येतं का, यासाठीही एक रकाना होता. आणि ज्या घरमालकानं ‘कुणालाही देईन, जात-धर्म विचारणार नाही’ असं लिहून दिलं असेल, त्याचा ठिपका हिरवा.

“मावशी, तुला प्रत्येक बोळ ठाऊक आहे. चुका दाखव,” ती म्हणाली.

मी हरखलेच. शाईविना, कापडाविना हा नकाशा बोटांच्या चिमटीत लहानमोठा होत होता! आठ दिवस मी बोळ सरळ केले, बुजलेली वाट खोडली, नवी जोडली. काम संपलं तेव्हा मधुरा सहज म्हणाली, “तुझ्या वरच्या खोल्यांचा ठिपका टाकायचा?”

मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एक परिचारिका त्या खोल्या पाहायला आली होती. नीटनेटकी, बोलायला मृदू. मी तिला अंगणात बसवून चहा दिला, आणि चहा देता देता आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. मग मी म्हणाले, “अगं, दिल्या बघ खोल्या, माणसं राहायलासुद्धा आली.” तिनं एकदा वर पाहिलं. वरच्या उघड्या खिडक्यांना पडदे नव्हते, आतल्या भिंती रिकाम्या दिसत होत्या. तिनं चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, आणि गेली. तिनं भांडण केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

“टाक,” मी मधुराला म्हणाले. “हिरवा टाक.”

रकाने मीच भरले. शाळा, नळ, बाजार, सगळं चोख. पुराच्या रकान्याशी मात्र बोट अडलं. या घरात पाणी आलेलं होतं, कमरेइतकं. ओसरल्यावर भिंतीवर राहिलेला गढूळ पट्टा मी दोनदा चुना देऊन झाकला होता. पण पाणी काय दरवर्षी येतं? आणि वरच्या मजल्यावर तर ते कधीच चढलं नाही! तो रकाना मी मोकळा सोडला. मन उदार झाल्याच्या आनंदात एवढीशी लबाडी माणसाला दिसतसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी एका रविवारी दुचाकीवरून एक जोडपं आलं, मध्ये दहा-अकरा वर्षांची मुलगी. तो सिद्धू, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर काम करणारा. ती मायाक्का. मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून कारखान्याजवळची एक खोली सोडून ते घर शोधत होते. सिद्धू उंबऱ्याबाहेरच थांबला आणि चपला काढायच्याही आधी म्हणाला, “काकू, आमी जतकडचं. मेंढरंवाले. वडील अजून गावाकडं मेंढरं राखत्यात. आदीच सांगितल्यालं बरं.”

“मी विचारलं नव्हतं,” मी म्हणाले.

“न्हाई विचारलं. पण मागनं कळतंयच की. मग आठ दिसांत खोली सोडा म्हणत्यात.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. कुलूप लागलंय ना, हे दोनदा ओढून पाहावं तशी खबरदारी होती. मी त्यांना वर नेलं. मुलगी खिडकीशी धावली. मायाक्कानं मात्र हातातल्या मोबाइलवरचा नकाशा बंद केला नव्हता. जिना उतरताना तिनं विचारलं, “काकू, समदं भरलंय तुमी, पाण्याचं तेवढं मोकळंच हाय. हितं पुराचं पाणी येतंय का?”

चुना दिलेली भिंत तिच्या खांद्याशीच होती. ‘नाही’ म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? एकदा मला तो चहाच्या एका घोटाइतकाही लागला नव्हता.

“येतं,” मी म्हणाले. “या भिंतीला कमरेपर्यंत आलं होतं. वर चढत नाही, पण खाली उतरता येत नाही. मी लिहायला हवं होतं.”

मायाक्का भिंतीकडे पाहत राहिली, मग हसली. “आमच्या गावाला टँकरची वाट बघायची, आन् हितं पाण्याला भ्यायचं! आसं कसं वं हे?”

“सिद्धू, विचार करा आणि कळवा,” मी म्हणाले. मनातून मात्र मला खात्री होती. इतकी दारं बंद झालेली माणसं उघडं दार कशाला सोडतील?

तिसऱ्या दिवशी मायाक्काचा फोन आला. “काकू, राग मानू नका. आमी न्हाई येत. ह्येंची कारखान्यात पाळी आसली आन् पाणी आलं, तर पोरगीला घिऊन मी एकटी वर काय करू? विश्रामबागेच्या पलीकडं चढावर एक घर घावलंय. त्योबी हिरवाच ठिपका हाय. पोरगीला शाळंला चालत जाता येतंय.”

मी “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मला राग आला. मी दार उघडलं आणि कुणी आत आलं नाही! दिवसभर घरात आदळआपट केली. संध्याकाळी मधुरा आली तेव्हा तिला म्हणाले, “एवढं करून त्यांनी नाकारलंच.”

मधुरा हसू दाबत म्हणाली, “मग? दोन घरं पाहिली, एक निवडलं. तूही तेच करतेस ना साडी घेताना?”

रागातही मला हसू आलं. हसता हसता जाणवलं, की माझ्या डोक्यातल्या चित्रात मी देणारी होते आणि ते घेणारे. निवडणारे ते कुठेच नव्हते. आयुष्यभर ज्यांना जे मिळेल त्यात राहावं लागलं, त्यांनी माझ्या घरात दोष काढावा आणि तो खरा असावा, यासारखी निरोगी गोष्ट दुसरी कोणती? मी मोबाइल घेतला आणि पाण्याचा रकाना भरला: ‘येतं. कमरेइतकं.’ त्या दोन शब्दांनी खोल्या आणखी काही महिने रिकाम्या राहतील हे दिसत होतं. तशा त्या राहिल्याही.

वैशाखात मायाक्कानं चहाला बोलावलं. बसनं गेले. थांब्यापासून पुढे चालायचा रस्ता हळूहळू चढत होता. नकाशावर सपाट दिसणारा तो चढ गुडघ्यांना बरोबर कळला. घर लहान पण उजेडाचं, घरमालकीण शेजारीच राहणारी, आणि मुलगी दारातच अभ्यासाला बसलेली. मायाक्कानं बाजरीची भाकरी आणि गावाकडून आलेलं तूप पुढं ठेवलं. चहाला बोलावून जेवायला घालणारी ती! कप मीच उचलून मोरीत ठेवू लागले, तर तिनं हातातून काढून घेतला.

बोलता बोलता तिनं विचारलं, “काकू, पाणी आलं म्हंजे तुमी कुठं जाता वं?”

“कोरेगावला. भावाकडे.”

“एवढ्या लांब? रस्तं बंद झालं तर?” तिनं माझ्या भाकरीवर आणखी तूप वाढलं. “हिकडं या की. चढावर हाय. जागा लय न्हाई, पण पाणी न्हाई येत.”

कितीएक नकाशे मी हातानं उतरवले असतील. पण त्यांतल्या कुठल्या घरात आपल्याला आसरा मिळेल असा विचार करून मी कधी रेघ ओढली नव्हती. नात्यागोत्याबाहेरच्या उंबऱ्यात पाणी वाढताना जाऊन उभं राहायचं, ‘मला घ्या’ म्हणायचं, हे माझ्या कल्पनेतसुद्धा कधी आलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “पाणी चढू लागलं की येईन हो.”

मायाक्का मोठ्यानं हसली. “पाण्याची कशाला वाट बघताय, काकू? पुढच्या रविवारी या.”