डब्यातली साय

बुधवारी दुपारी भाकरी तव्यावर असताना यांच्या नंबरवरून फोन आला. "निघालासा काय?" म्हणून मी विचारलं, तर पलीकडे एका बाईचा आवाज. तुम्ही यांच्या कोण, असं ती विचारत होती. आमच्या गावातच, कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातली नर्स होती. माझे यजमान तिथं बाकावर बसल्या बसल्या गेले होते. पुढं भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मिस्त्री तर बुधवारी वारणानगरला जायचे, मग बावड्याकडं कसे?" मी मान खाली घालून बसायचे. ते वारणानगरला जात नाहीत हे मला महिन्यापासून माहीत होतं. डब्यानं सांगितलं होतं...

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत खाली आमचं गॅरेज आणि वर आम्ही दोघं. टर्बोच्या गाड्यांचं काम यांच्याकडे जास्त. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. त्यातला थोडा धूर पिस्टनच्या कडेनं खाली उतरतो आणि तेलाची वाफ घेऊन नळीतून बाहेर पडतो. ती वाफ हवेबरोबर परत इंजिनात गेली की आतल्या नळ्या चिकट होतात. म्हणून वाटेत एक डबा बसवायचा. वाफेतलं तेल डब्यात बसतं, हवा पुढं जाते. गिऱ्हाइकं त्याला कॅच कॅन म्हणत, हे पिकदाणी म्हणायचे. "इंजान थुकतंय, त्याला भांडं नको व्हय?"

पहिला डबा माझ्याच मांडणीवरचा, डाळीचा. पण पोकळ डब्यातून निम्मी वाफ तशीच पार व्हायची. हे जेवताना पण त्याचंच बोलायचे. मी भांडी घासत होते. झाकणाला आपटली की वाफेचं पाणी होतं, तसं आत तिला आपटायला काहीतरी पाहिजे असं मला वाटलं. बोलायचं धाडस झालं नाही, हातातली तारेची घासणी तेवढी पुढं केली. दोन दिवसांनी जिन्यातूनच ओरडले, "धरलं की गं तेल." मग तारेचा तुकडा सुटून टर्बोत जाऊ नये म्हणून वर चहाची स्टीलची गाळणी कापून बसवली. डबा टर्बोच्या धगीपासून लांब, वाऱ्याच्या तोंडाला नेला, कारण गार पत्र्यावर वाफ लवकर बसते. खाली तोटी लावली. गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची इंजिनेर वर भाकऱ्या थापत्या. चौथी पास हाय." मी अर्ध्या जिन्यातून माघारी फिरायचे.

डबा वाचायलाही त्यांनीच शिकवलं. गाडी लांब जाऊन आली, इंजिन चांगलं तापलं, की तोटीतून काळं तेल पडतं. जवळच्या जवळ फिरली की पाण्याची वाफ आत राहते आणि तेलात मिसळून पांढरी साय धरते. एकदा एक व्यापारी गाडी गोव्याला नेऊन आणली म्हणून सांगत होता. यांनी तोटी सोडली. "पावणं, ही गाडी पेठेच्या फुडं गेल्याली न्हाय." तो हसत सुटला. "मिस्त्री, घरात तेवढं सांगू नगासा."

आमच्या गाडीचा डबा रिकामा करायचं काम माझं, दर शनिवारी. थंडी लागली तसे हे बुधवारी वारणानगरला जायला लागले, तासाभराची वाट. तिथं काही गाड्या बघायच्या असतात म्हणाले. बाकीचे दिवस गाडी दारातच. शनिवारी तोटी सोडली तर बाटलीत पांढरी दाट साय. पुढच्या शनिवारी पण तेच. मला तो व्यापारी आठवला आणि मनात भलतंच आलं. मी ताट वाढायचे आणि आत निघून जायचे. तिसऱ्या शनिवारी ती बाटली मी खिडकीत ठेवली, त्यांच्या आरशाजवळ. भांग पाडताना त्यांनी ती उचलली, तिरकी करून बघितली.

"थंडी हाय, साय धरायचीच की."

"वारणेला थंडी जास्त हाय व्हय?" मी विचारलं. एवढंच मला जमलं.

त्यांनी बाटली होती तिथं ठेवली. "व्हय," म्हणाले.

दवाखान्यात नर्सनं फाईल हातात दिली. प्रत्येक बुधवारची चिठ्ठी त्यात होती. ती म्हणाली, "छातीचं ऑपरेशन करायला लागणार, घरच्यांना घेऊन या म्हणून डॉक्टर मागं लागलेवते. बायको घाबरत्या म्हणायचे."

मी घाबरते, ते खरं आहे. पण एक गोष्ट मला सोडत नाही. साय बघून मला कळणार, हे त्यांना माहीत होतं. बुधवारी घरी येताना वाटेत तोटी फिरवून डबा मोकळा करायला त्यांना कितीसा वेळ लागला असता... त्यांनी केला नाही. दर आठवड्याला माझ्यासाठी तसाच भरून आणला. आणि मी तो वाचला, पण चुकीचा वाचला.

त्या दिवशी किल्ली सापडली नाही म्हणून दिरांनी गाडी दवाखान्यातून क्रेनला लावून आणली. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, नंतर मिळाली. दीर म्हणतात, "वहिनी, आठवड्यातनं एकदा चालू तरी करूया. बॅटरी उतरंल." मी नको म्हणते. का ते सांगत नाही.

शनिवारी मी खाली जाते. बॉनेट उघडून बाटली तोटीखाली धरते. डब्याचा पत्रा गार असतो. आत माझी घासणी आहे, गाळणी आहे, आणि घरापासून बावड्यापर्यंतची त्यांची शेवटची खेप आहे. तोटीवर बोट ठेवून मी हळू विचारते, "कुठं गेलतासा?" मग तोटी न फिरवता बाटली रिकामीच घेऊन वर येते.