घंटाकाकांची हिरवळ

घंटाकाकांनी चौतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली. शिपाई म्हणून लागले आणि घंटेपाशीच निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत मुलं दचकली, मास्तर दचकले, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनी अख्खा चहा स्वतःच्या शर्टावर ओतून घेतला. तेव्हा शेवटच्या दिवशी काकांनी मनाशी खूणगाठ बांधली, आता आपल्यामुळे कोणी दचकायचं नाही.

आणि लेकीने बापाला भेट काय द्यावी? गवत कापायचं मशीन. तेही असलं, की चालू केलं की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

घरापुढे गवत गुडघाभर माजलेलं. शनिवारी दुपारी तीनला पाच वर्षांची नात येणार होती. "तुला कोलांट्या मारायला मऊ हिरवळ करून ठेवतो," असा काकांनी फोनवर शब्द दिला होता. पण कापायचं कधी?

काका वही घेऊन दारोदार फिरले. उजवीकडच्या नर्सबाई रात्रपाळी करून दुपारी एकपर्यंत झोपायच्या. समोरच्या बाईंची शिकवणी दोनला सुरू व्हायची. डावीकडच्या सूनबाईंना त्यांनी विचारलं, "बाळ कधी झोपतं?" सूनबाईंच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. त्या कसंनुसं हसल्या. "झोपतं कुठे, काका?" काकांनी तो रकाना कोरा सोडला.

"अहो, लोक सरळ मशीन लावतात आणि मोकळे होतात," काकू म्हणाल्या.

"लोकांनी घंटा नाही वाजवलेली," काका म्हणाले.

शेवटी हाती लागला शनिवारचा एक ते दोन. एकाच्या ठोक्याला काकांनी मशीन सुरू केलं. पावणेदोनला हिरवळ अशी झाली, की काकूसुद्धा चपला काढून तिच्यावरून दोन फेऱ्या मारून आल्या. काकांनी खुशीत मशीन बंद केलं.

त्याच क्षणी डावीकडून बाळाने भोकाड पसरलं. मागोमाग सूनबाई कुंपणाशी धावत आल्या. "काका, बंद नका ना करू. महिनाभरात पहिल्यांदा गाढ झोपलं होतं हो."

काकांना भरून आलं. त्यांनी मशीन लावलं. बाळ गप्प. एका जागी उभं ठेवून पाहिलं, तर आवाज बदलला आणि पाळण्यातून कुरकुर सुरू. म्हणजे फिरवणं आलंच. काका उभे फिरले, आडवे फिरले, मग पुन्हा उभे. दोनला शिकवणीच्या बाई तावातावाने खिडकीत आल्या, सूनबाईंचे जोडलेले हात पाहिले आणि निमूट खिडकी लावून घेतली.

तीनला नात आली. फाटकातच थबकली. अंगणात काडी म्हणून शिल्लक नव्हती, नुसता धुरळा, आणि त्यात घामाघूम आजोबा.

"आजोबा, हिरवळ कुठाय?" तिने मशीनच्या आवाजात बेंबीच्या देठापासून विचारलं.

काकांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्याहून मोठ्याने ओरडून सांगितलं, "हळू बोल गं बाई, बाळ दचकेल."