निवट्याचं हसू माझं होतं

निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. डोकं मोठं, डोळे बटबटीत. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. फळ्यावर निवटा काढला की सगळा वर्ग खिदळायचा.

खाडीत भराव घालायला आलेल्या कंपनीने माझ्याकडे तोच मागितला. मी त्याला पिवळं हेल्मेट घातलं, तोंडभर हसवलं आणि बंदरावरच्या भिंतीवर उभा केला. शेजारी लिहिलं, ‘खाडी तुमचीच राहणार!’ ते वाक्य कंपनीने दिलं, असं मी आजवर सांगत आलो. खोटं. ते मला सुचलं होतं आणि सुचल्याचा आनंदही झाला होता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी खाडीत मासळी धरणाऱ्या बायका भिंतीपाशी थांबल्या. “मास्तरांनी काडलंय म्हंजे खरं असंल,” एक जण म्हणाली. मी ब्रश धूत होतो. धूतच राहिलो. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी भरावाच्या बाजूने हात वर केले.

आज खाडीच्या जागी कंटेनरचे ट्रक उभे असतात.

निवृत्तीनंतर मी पुन्हा निवटे काढू लागलो. डांबरात रुतलेला निवटा, स्ट्रॉने डिझेल पिणारा निवटा. अलिबागला प्रदर्शन भरलं. लोक चित्रांपुढे सेल्फी काढत होते. “किती क्यूट!” अरे, मरतोय तो! वर्तमानपत्राने मला ‘खाडीचा कैवारी’ ठरवलं. ते कात्रण मी जपून ठेवलं, याचा मला लोकांच्या सेल्फींपेक्षा जास्त संताप येतो.

भिंतीपाशी बोललेली तीच बाई, आता म्हातारी, प्रदर्शनाला आली. एकेक चित्र बघून म्हणाली, “मास्तर, भित्तीवरचा न्हाय लावला?”

आयोजक मध्ये पडले. “आजी, ही चित्रं प्रतीकात्मक आहेत.”

“तू गप रं. मी मास्तरांना इचारते हाय.”

ती गेल्यावर मी भिंतीवरच्या निवट्याचं सगळं कागदावर लिहून दाराशी चिकटवलं. आयोजकांनी तासाभरात काढलं. “सर, मूड जातो लोकांचा.” मूड!

मी तो कागद घेऊन तिच्या घरी गेलो, वाचून दाखवू लागलो. तिने मध्येच थांबवलं.

“आमाला कशाला सांगता? आमाला ठावं हाय. त्या फोटो काडनाऱ्यांना सांगा.”

म्हणून हे छापायला देतो आहे. भिंतीवरचा निवटा मी काढला. खाडी तुमचीच राहणार, हे मी लिहिलं. बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कंपनीवर नाही.