निजानीज आणि झडती

आमची ही एका मोठ्या दुकानाच्या दारात उभी राहून लोकांच्या पिशव्या तपासते. स्वभाव मूळचाच तसा, वर पगारही त्याचाच. घरीसुद्धा माझा खिसा आणि दुधावरची साय तिच्या नजरेतून सुटत नाही.

आमची दोन्ही पोरं लहान. झोपायचं नाव काढलं की घर डोक्यावर घ्यायची. मी पहिल्यापासून संध्याकाळच्या पाळीला. हिलाही तीच पाळी लागली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मावशींना मुलांकडे बघायला बोलावलं. आणि काय नवल! आम्ही परतायचो तेव्हा पोरं गाढ झोपलेली. मी खूश. हिच्या कपाळावर मात्र आठ्या.

“मावशी जन्मभर दवाखान्यात आया होत्या. काहीतरी पाजत असणार.”

“काहीतरीच काय!”

“मग आपल्याकडे का झोपत नाहीत? कुठंतरी पाणी मुरतंय.”

तेव्हापासून ही चमचे हुंगायची, झोपलेल्या पोरांच्या तोंडाचा वास घ्यायची. एकदा तर मावशींची पिशवीच चाचपली. निघाली चष्म्याची डबी. “पक्क्या आहेत,” ही म्हणाली. मला लाज वाटली. पण खरं सांगतो, संशयाचा किडा माझ्याही डोक्यात वळवळायला लागला होता.

शेवटी दोघांनी अर्धी सुट्टी टाकली आणि न सांगता घरी आलो. काही सापडलं तर मावशी बंद आणि हिची नोकरीही बंद, हे ठरलेलं. दार हळूच ढकललं.

दिवा मंद केलेला. मधोमध मावशी आडव्या. धाकटी त्यांचे पाय चेपत होती. थोरला त्यांना थोपटत गोष्ट सांगत होता, पण त्याचीच जीभ जड झाली होती. आम्हाला पाहून त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

“श्श! मावशींना लवकर झोप येत नाही. आम्हीच झोपवतो रोज. आधी पाणी, मग पांघरूण, मग गोष्ट. गडबड केली की पुन्हा पहिल्यापासून.”

मावशींनी मिटल्या डोळ्यांनीच हसू दाबलं.

हिचा जीव भांड्यात पडला. लगेच लाडात येऊन म्हणाली, “मग मला का नाही रे झोपवत?”

थोरल्यानं मोठी जांभई दिली. “झोपवलं होतं की. तू सोंग करून एका डोळ्यानं बघत होतीस. ही घाबरली,” त्यानं धाकटीकडे बोट दाखवलं.

मावशींनी सरकून जागा केली. ही दुकानाच्या गणवेशातच आडवी झाली आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. धाकटी बराच वेळ वाकून तिच्या पापण्या तपासत होती.