डिबुडी डाबाचा अर्थ

"गाण्याचा मतलब सांगा, नाईतं पोरगी आजपासून गाणार नाई," असं म्हणून संगीताचे वडील माझ्या स्टुडिओत मिक्सरशेजारी ठाण मांडून बसले. चामोर्शीजवळच्या खेड्यातून बस बदलत वरोऱ्याला आलेला माणूस. चहालाही नाही म्हणाले, तेव्हाच प्रकरण जड जाणार हे मला कळलं.

संगीता बाजूला मान खाली घालून उभी. हे तिचं पहिलंच गाणं. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन सुरू होतो. गाणं ऐकून तिथल्या एका मंडळाने तिला गायला बोलावलं होतं. ते आता बापाच्या शब्दावर अडलं होतं.

गाण्याचे बोल असे: 'डिबुडी डाबा चिंगुरटा, टिपरी टोका हो.' आमच्या धंद्यात याला डमी म्हणतात. चाल आधी होते, शब्द मागून येतात. तोवर गाणाऱ्याला चाल कळावी म्हणून तोंडाला येईल ते बडबडायचं. शब्द आले की डमी पुसायची. मी चांगले शब्द लिहिलेही होते. त्यात चांदणं होतं, ओढ होती, विरह तर दोन कडवी पुरला होता. पण गाणं करवून घेणाऱ्या डीजेवाल्या भाऊने दोन्ही ऐकलं आणि डमीच ठेवली. तुमचे शब्द ऐकले की माणूस विचार करायला लागतो आणि पाय थांबतात, असं त्याचं म्हणणं. मला राग आला. गाणं वरातींत तुफान चाललं, त्याचा त्याहून जास्त आला.

संगीताच्या गावात मात्र कुजबुज सुरू झाली. नक्कीच काहीतरी घाण असणार, म्हणून तर कळू देत नाहीत.

मी वडिलांना डमीची सगळी रीत समजावली. शब्दांना काहीच अर्थ नाही, असं शपथेवर सांगितलं.

"मतलब नाई असं कुठी रायते का? सांगाले लाजून राह्यले तुमी," ते म्हणाले आणि उठले. "चाल वं, संगीता."

इतकं खरं मी धंद्यात क्वचित बोललो असेन, आणि तेच अंगाशी आलं.

संगीता जागची हलली नाही. "बाबा, तेलुगू आहे ते," ती शांतपणे म्हणाली. "सिरोंच्याकडच्या बाया धान रोवताना म्हणतेत."

वडील थांबले. जन्मभर धानच केलेला माणूस. "मंग पयलेच सांगाचं ना," म्हणाले आणि चहा मागितला.

हे इथेच मिटायला हवं होतं. पण वडिलांना आता गाण्याचा अभिमान वाटू लागला. गावच्या शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी तिला तेच गायला लावलं, मलाही बोलावलं. तिने संथ लयीत म्हटलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया माना डोलवत होत्या. गाणं संपताच वडील एका गुरुजींना हाताला धरून आमच्याकडे घेऊन आले. गुरुजी मूळचे तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचे, नुकतेच बदली होऊन आलेले.

"गुरुजी, पोरगी तेलुगू बराबर म्हणते ना?"

संगीताचा चेहरा उतरला. मी चपला शोधू लागलो.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "फार जुनं तेलुगू आहे. आता आमच्याकडेही कोणी बोलत नाही."

गुरुजी फसले होते की त्यांनी पोरीची लाज राखली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. संगीता त्या सीझनला नाटकात गायली. मी मात्र तेव्हापासून एक शिस्त पाळतो. गाण्याचा अर्थ आधी ठरवून ठेवतो. शब्द नसले तरी चालतात.