उद्घाटनाचं ताट

अक्का गेल्या तवा मी पिरंगुटच्या दवाखान्यात रांगंत व्हते. बाळाच्या छातीत कफ झालेला, अन सकाळी त्यांनीच मला रिक्षात बसवून दिलं व्हतं, त्याची कानटोपी काढू नको गं म्हनून. मंग मालकांचा फोन आला, अक्कांचा दमा उसळलाय, वरच्या भाडेकरूच्या गाडीत घातलंय, तितंच घिऊन येतोय. मी रांग सोडून दारात हुबी ऱ्हायले, बाळ कडंवर... गाडी लई उशिरानं आली, रस्त्यात कंपन्यांच्या बसा अडकलेल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली अन मालकांच्या खांद्यावर नुसता हात ठिवला. अन हिकडं आमच्या घरापासून हाकंच्या अंतरावर सरकारी दवाखान्याची नवी इमारत हाय. वाफ द्यायचं मशीन आत खोक्यात हाय, लाईट बी हाय. दाराला कुलूप, अन किल्ली अक्कांच्याच घरात खिळ्याला अडकवलेली.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी नववीपातूर शिकलीया, लिवायची सवय न्हाई, भ्याव बी वाटतंय. पन महिना होत आला, गावात समदे गोड गोडच बोलत्यात, खरं कोन बोलंना, म्हनून लिवतीया. ग्रामपंचायतीत बायांची जागा निघाली तवा घरच्यांनी त्यांना हुबं केलं. वाटलं सही करतील अन गप बसतील. पन त्या गप बसनाऱ्यातल्या नव्हत्या, पयल्याच सभंत त्यांनी दवाखाना मागितला. एकदा भाताची लावनी करताना मी इचारलं, अक्का, थेट दिल्लीला सांगितलं तर लवकर व्हनार न्हाई का? त्या चिखलातच हसत बसल्या.

"अगं येडे, दिल्ली म्हंजी सासरा. धान्याची कनगी त्याच्या ताब्यात. पन दवाखाना हा घरातला कारभार, तो थोरल्या दिराचा, म्हंजी मुंबईचा. सासऱ्यानं दानं दिलं तरी दिरानं आपला वाटा घातल्याबिगर अन हो म्हनल्याबिगर चूल पेटत न्हाई. अन आपली पंचायत धाकली सून. जागा तिनं सारवायची, अन पावना उपाशी गेला तर नाव बी तिचंच."

"मंग सुनंनं करायचं काय?"

"मर्जी राखायची."

त्या मर्जीनंच घात केला.

जागा पंचायतीनं दिली. दिल्लीचं पैसं आलं, तर मुंबईनं तिचा वाटा घालायचा ऱ्हायला. तो घातला, नारळ फुटला, अन तितलं सरकारच बदललं. नव्यानं जुन्याच्या समद्या कामांना स्थगिती दिली. मंग ती उठली तवा त्याच जागंवर दुसऱ्या मंत्र्यानं दुसरा नारळ फोडला, अन अक्कांनी दोनी येळंला तेवढ्याच हौसंनं रांगोळी घातली. इमारत झाली, किल्ली पंचायतीनं अक्कांकडं ठिवली. पन नर्सचं पद मंजूर करनार मुंबईच, अन अक्कांच्या मनानं घेतलं का मंत्र्याच्या हातानं फीत कापली की तो खुशीत पद दिऊन जाईल. पितळंचं ताट तयार केलं... लाल फीत, नवी कात्री, कुंकू, गुलाबपानी. तारीख मिळाली का मंत्र्याचं खातं बदलायचं. नवा आला की कोनशिलेवरचं नाव खोडायचं, नवं कोरायचं. मंग आचारसंहिता. मंग मंत्रिमंडळाचा इस्तार. ताट तसंच, अन अक्का दर शुक्रवारी जाऊन आतली फरशी पुसून यायच्या.

लस द्यायला महिन्यातनं एकदा भायेरनं सिस्टर येत्यात, देवळाच्या मंडपात बसत्यात. त्या अक्कांना म्हनल्या, दार उघडा, मी लशीच्या दिवशी आतच बसंन, मशीन चालू करून ठिवंन, दम लागला तर तुमालाच उपेगी पडंल. गावातल्या आशाताईंना बी शिकवंन कसं लावायचं ते.

"मंत्र्याआधी पाय ठिवला तर रुसतील वो. पद अडकंल."

"मंत्री काय सुई टोचनार हायेत का अक्का?"

अक्का हसल्या, पन किल्ली दिली न्हाई. मी बी म्हनलं व्हतं, बाळासाठी तरी द्या. तर म्हनल्या, एका लेकरासाठी गावाची नर्स घालवू का? मला राग आला व्हता. अजून येतोय. त्या सरकारवर येतो, अन अक्कांवर बी येतो, अन मंग रडू येतं...

तारीख कदी आली न्हाई, पन दहाव्याला मंत्र्याच्या हापिसातून फ्लेक्स आला. भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्यावर मंत्र्याचा फोटू केवढा, अन अक्का खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरच्या फोटूएवढ्या.

परवा बाळ पुना घरघरायला लागलं. लशीचा दिवस व्हता. मी खिळ्यावरची किल्ली काढली. मालक आडवं आलं, सरकारी कुलूप हाय, केस झाली तर लेकरू घिऊन चौकीत बसशील का? मी बाळ कडंवर घेतलं, त्यांना वळसा घालून मंडपात गेले अन सिस्टरना संगं घिऊन निघाले. मागं सिस्टर, अन त्यांच्या मागं लेकरं घिऊन बाया.

दार उघडलं. फरशीवर महिन्याची धूळ, महिन्याचीच, त्याच्या आदीची न्हाई. टेबलावर ताट, खनाच्या कापडानं झाकलेलं. सिस्टरनी मशीनचं खोकं वढलं, त्याची चिकटपट्टी काय निघंना. कात्री हाय का कुनाकडं, त्या म्हनल्या. मी कापड बाजूला केलं अन ताटातली कात्री त्यांच्या हातात दिली. फीत तितंच ऱ्हायली, घडी घातलेली.

मशीन गुरगुरायला लागलं. पयली वाफ माझ्या बाळानं वढली... ती अक्कांची व्हती.